गुरुवारच्या गोधडी बैठकीची सूचना

सर्व मैत्रिणींना नमस्कार,

येत्या गुरुवारी दुपारी ३ ते ५ नेहमीच्या ठिकाणी जमायचं आहे. येताना जुनं सुती लुगडं, धोतर किंवा घरातल्या सोलापुरी चादरीचा विरलेला तुकडा आणा. खळ जाईपर्यंत धुऊन, कडकडीत वाळवून आणा. कोरं कापड असेल तर तेही आधी भिजवाच. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. सिंथेटिक साडी शक्यतो नको, आपल्या उन्हाळ्यात ती घाम शोषत नाही.

दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. धावदोरा कडेपासून घालत आत मध्यापर्यंत न्यायचा. मोठ्या नेढ्याच्या सुया मी आणते. ज्यांना ओवायला दिसत नाही त्यांनी संकोच करू नये, दहा सुया आधीच ओवून ठेवू.

माझ्या गोधडीत सासूबाईंच्या इरकलीचा काठ लावलाय. कापड पार विरलं, पण काठाचा लाल रंग अजून तसाच आहे. त्यावर टाका घालताना त्यांच्या पदराला येणारा कापराचा वास आठवला आणि दुपार कधी सरली कळलं नाही. सत्तरीत इतकं मन लावून काही करायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बोटं आखडतात त्यांनी अर्ध्या तासाने सुई खाली ठेवावी, चहा आहेच. गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या आणि टेबल मांडू. येणार असाल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.