‘रोज चालत जा’ म्हणण्याआधी तळवा पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मराठवाड्यातील ज्येष्ठ मधुमेहींसाठी पायांची तपासणी, योग्य पादत्राणे आणि व्यायाम यांची एकत्रित व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील गावांमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना साठी-सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही स्त्री-पुरुषांशी माझा रोजचा संबंध येतो. त्यांना दवाखान्यातून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रोज चालत जा’. सल्ला योग्यच आहे. मात्र तो देण्यापूर्वी पेशंटला चप्पल काढायला सांगून त्याचा तळवा पाहणारे सहसा कोणी नसते आणि ज्या पायांना स्पर्शच कळत नाही अशा पायांनी, झिजलेल्या रबरी सपाता घालून किंवा सरळ अनवाणी, ही माणसे पहाटे रस्त्याला लागतात. पायाची तपासणी, पायात घालायची चप्पल आणि करायचा व्यायाम ही एकाच उपचाराची अंगे आहेत असे मानून ती गावातच, एकत्र मिळावीत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे आपल्या विभागाला ठाऊक आहेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगतात आणि आणखी १३.६ कोटी लोक त्या उंबरठ्यावर असल्याचेही. मधुमेह असलेल्या व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी पायाला चिघळणारी जखम (अल्सर) होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते आणि मधुमेहामुळे पाय कापावा लागतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची सुरुवात अशा एखाद्या साध्या, दुर्लक्षित जखमेतूनच झालेली असते. म्हणजे पाय वाचवण्याची वेळ शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधी येऊन गेलेली असते.

ही जखम कशी होते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण उपाय त्यातच दडलेला आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, पुढे बधीरपणा येतो आणि तेव्हा माणसाला वाटते की त्रास कमी झाला. पावलातले छोटे स्नायू दुबळे होऊन बोटे आखडतात, त्यामुळे शरीराचा भार चवड्याखालच्या एक-दोन ठिकाणी एकवटतो. पायाला घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा जातात. ज्या जागी भार पडतो तिथे घट्टा धरतो, घट्टा कडक झाला की तोच खड्यासारखा आतल्या मांसाला टोचत राहतो आणि वरून काही दिसत नसताना आत जखम तयार होते. एका आजींना व्यायाम शिकवण्यासाठी मी त्यांच्या पायातली चप्पल काढली, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर पिवळट, जाड घट्टा होता आणि त्याच्या मधोमध काळसर निळा ठिपका. तो दाबल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “तिथं काही कळतच नाही ताई.” त्या ठिपक्याखाली पू झाला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या रोज सकाळी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत नेमाने चालत जात होत्या.

मराठवाड्यात हा धोका इथल्या मातीने, उन्हाने आणि राहणीने वाढतो. कापूस निघाल्यावर रानात पळाट्या उभ्या असतात, तूर कापल्यावर धसकटे राहतात, बांधावर बाभळीचे काटे असतात आणि सत्तरीतला शेतकरीही दिवसातून एकदा तरी रानात चक्कर टाकल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि बधीर पायाला त्यांची खाज आणि आग नीट कळत नसल्यामुळे त्या चिघळतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे तापलेल्या फरशीवर किंवा देवळाच्या दगडी प्रांगणात अनवाणी उभे राहिलेल्या माणसाच्या तळव्याला फोड येतात आणि ते त्याला घरी गेल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, दिसतात. घरात चप्पल घालायची नाही ही आपल्याकडची रीत आहे. तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा नवस आहे. श्रद्धेविषयी मला पूर्ण आदर आहे, म्हणूनच बधीर पायांच्या भाविकाला अनवाणी चालण्यातला धोका सांगण्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेने घ्यावी असे मला वाटते. घरात वापरायची वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवा, असे आशाताईने घरी जाऊन समजावले तर लोक ऐकतात.

याशिवाय एक गोष्ट शहरातून लक्षात येणार नाही. बीड, जालना आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मागे घरात म्हातारी माणसे व नातवंडे राहतात. ज्याला गुडघ्यामुळे खाली वाकता येत नाही, मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही आणि पायाला कळत नाही, त्या माणसाचा तळवा पाहणारे त्या चार-पाच महिन्यांत घरात कोणीही नसते. आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहायला मी शिकवते, पण दिसतच नसेल तर आरसा तरी काय करणार?

आता व्यायामाविषयी. बधीर पायांच्या पेशंटने चालूच नये, पायावर भार देऊच नये, असे पूर्वी सांगितले जाई. हा समज आता मागे पडला आहे. पायावर जखम नसेल, चप्पल योग्य असेल आणि चालणे हळूहळू वाढवले तर चालल्याने जखमा वाढत नाहीत असे अभ्यासांतून दिसले आहे. मधुमेही पायांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने कमी व मध्यम धोक्याच्या पेशंटना रोजच्या चालण्यात एकूण सुमारे एक हजार पावलांची भर सुरक्षित असल्याचे म्हटले आहे, तसेच पावलांचे व घोट्यांचे व्यायामही सुचवले आहेत. तेव्हा भीतीपोटी म्हाताऱ्या माणसाला बाजेवर बसवून ठेवणे हा काही उपाय नव्हे. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि बधीर पायांच्या माणसाचा तोल आधीच कच्चा असतो. एकदा पडून खुबा मोडला की पुढची कहाणी आपण जाणताच.

ज्येष्ठांना आठवड्याला १५० मिनिटे चालण्याइतकीच गरज ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामांची असते, आणि नेमके तेच कोणी शिकवत नाही. भिंतीला हात लावून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, घोटे गोल फिरवणे, जमिनीवरचे फडके बोटांनी गोळा करणे, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणे, एवढे व्यायाम कोणत्याही अंगणात होतात. पण कोणाला काय द्यायचे हे पाय पाहिल्याशिवाय ठरत नाही. तळव्याला जखम असेल तर त्या पायावर भार न देता बसून हातांचे व्यायाम द्यावे लागतात. एखादे पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागले, तर दुखत नसले तरी चालणे तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे लागते, कारण आतली हाडे ढासळत असू शकतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पहाटे दूर चालायला पाठवणे धोक्याचे आहे, आणि खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. ‘रोज चालत जा’ या तीन शब्दांत यातले काहीच मावत नाही.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा प्रत्येक उपकेंद्रात सहज ठेवता येईल. तो नसला तरी पेशंटला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाच्या टोकाने हलका स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर पाय धोक्यात आहे असे धरायचे. ही पद्धत आशाताई एका दुपारच्या प्रशिक्षणात शिकतील. तीस वर्षांवरील सर्वांच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी त्या आजही घरोघरी जाऊन अर्ज भरतात. त्या कामात ज्ञात मधुमेहींसाठी वर्षातून एकदा पाय पाहण्याची नोंद सक्तीची करावी, ज्याचा पाय बधीर आढळेल त्याला आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने धोक्याप्रमाणे सहा किंवा तीन महिन्यांनी, आणि ज्याला पूर्वी जखम झाली होती त्याला एक ते तीन महिन्यांनी बोलवावे, अशी माझी पहिली विनंती आहे. कामाचा हा भार आशाताईंवर मानधनाशिवाय टाकू नये, हेही आग्रहाने सांगते.

चपलेच्या बाबतीत आपल्या विभागाला नवे काही शोधायचे नाही. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधीर पायांसाठी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला मोफत दिल्या जातात. मधुमेहाने बधीर झालेल्या पायालाही मऊ आतला तळ, टणक बाहेरचा तळ, मागे पट्टा आणि कुठेही खिळा नसलेली चप्पल लागते. एक पाय वाचवणारी वस्तू सरकारच्या गोदामात आहे आणि ती केवळ रोगाचे नाव वेगळे म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, ही गोष्ट मला फार खटकते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा यांच्या यादीत मधुमेहींच्या पादत्राणांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, यासाठी आपण सामाजिक न्याय विभागाशी बोलावे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळामार्फत तालुक्याच्या गावातील चर्मकार बांधवांना ही चप्पल बनवण्याचे प्रशिक्षण दिले तर पायाचे माप घेऊन ती जवळच तयार होईल आणि पट्टा तुटला तर दुरुस्तही होईल.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार पेशंट रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. त्याआधीच्या टप्प्यासाठी, म्हणजे घट्टा वेळेवर तासून काढण्यासाठी, छोट्या जखमेवरचा भार उतरवण्यासाठी आणि योग्य व्यायाम ठरवून देण्यासाठी, निदान ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक ठरलेला ‘पाय तपासणीचा दिवस’ असावा आणि त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हजर असावा. आज लोक घट्टे घरी ब्लेडने कापतात, कुरुपावर दुकानातून आणलेली औषधी पट्टी लावतात, गरम पाण्यात पाय शेकतात, आणि या तिन्हींतून जखमा होतात. पायाला जखम असलेल्या मधुमेहीला रांगेत थांबवू नये आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांत पाठवण्याची लेखी पद्धत असावी. आरोग्य मंदिरांत योगसत्रे घेण्याची तरतूद आहेच. त्याच वेळेत ज्येष्ठ मधुमेहींसाठी वर सांगितलेले व्यायाम घेतले तर वेगळा खर्चही फारसा येणार नाही.

आषाढी वारीत आपला विभाग ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम राबवतो. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत मराठवाड्यातील असंख्य वयस्क वारकरी चालतात आणि त्यांत मधुमेही पुष्कळ असतात. वारीला निघण्याच्या महिनाभर आधी गावोगावी त्यांच्या पायांची स्पर्शतपासणी करावी, बधीर पाय असलेल्यांना एमसीआर चपला द्याव्यात आणि पालखीच्या मुक्कामांवर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे पाहण्याची सोय करावी. या एका पालखीपासून सुरुवात करून पुढील वर्षभरात मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यात ही व्यवस्था उभी करण्याचा शासन निर्णय आपण काढावा, ही विनंती. प्रशिक्षणाचे साहित्य मराठीत तयार करण्यासाठी आणि आशाताईंना शिकवण्यासाठी मी व माझे सहकारी विनामूल्य वेळ देण्यास तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
परभणी जिल्हा