कार्ड पोचवणाऱ्या हातांचे आभार

चित्रांची पोस्टकार्डं जमवायचा छंद माझा, पण तो चालतो तुमच्या जिवावर. म्हणून हे जाहीर आभार.

सर्वांत आधी काउंटरवरच्या ताईंचे. परदेशी जाणाऱ्या कार्डावर तुम्ही शिक्का असा बेताने मारता की तिकिटावरचं चित्र झाकत नाही आणि ‘नाशिक’ व तारीख स्वच्छ वाचता येते. जमवणाऱ्याला आणखी काय हवं! गोदेला पूर आला होता तेव्हा पोस्टमन काकांनी एक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं. दीपगृहाचं चित्र, मागे निळ्या शाईतला मजकूर. एक अक्षरही फुटलं नव्हतं.

नाशिकरोडच्या प्रेसमधल्या कामगारांनो, १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं इथे छापली जातात. माझ्या कित्येक कार्डांवर तुमच्याच हातची तिकिटं जगभर गेली, याचा मला फार अभिमान आहे.

आणि पोस्टक्रॉसिंगमधले अनोळखी मित्रहो! २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात आपण एकाला पाठवतो आणि येतं तिसऱ्याच कुणाकडून. ओळखदेख नसताना तुम्ही वेळ काढून, वळणदार अक्षरात, आमच्या द्राक्षांची चौकशी करता. रामकुंडाची नवी कार्डं आणून ठेवली आहेत. रविवारी लिहायला बसतो.