वरच्या वईसाठी करवंदे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परसाच्या वरच्या अंगाची जुनी वई मोडून तिथे काटेरी तार ओढून घ्यावी, असे बाबा परवा फोनवर म्हणाले. तो बेत तूर्त थांबवावा आणि त्या जागी करवंदांचे जिवंत कुंपण लावावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

त्या बाजूला मातीचा थर पातळ आहे आणि खाली सगळा जांभा. तिथे कलमे जेमतेम तग धरतील. करवंदाला मात्र अशीच हलकी, निचऱ्याची जमीन मानवते, आणि एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पाणी घालावे लागत नाही. काट्यांमुळे त्याची दाट वाढलेली जाळी गुरे सहसा ओलांडत नाहीत. वानरांना ती अडवणार नाही, पण तारही अडवत नाही.

तारेने न होणारे काम म्हणजे पाखरांचे. चैत्र-वैशाखात रानातले पाणी आटलेले असते, नेमकी तेव्हाच करवंदे पिकतात. बुलबुल, कोकिळा, तांबट ही फळे खातात, रात्री उदमांजरे येतात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. बुलबुलांना घरट्यासाठीही अशी काटेरी, सदाहरित जाळी बरी पडते. म्हणून शेंड्याकडची फळे त्यांच्यासाठीच ठेवावीत. हाताच्या उंचीवरची आपल्याला पुष्कळ होतील, आणि तुम्हा दोघांना ती काढताना वाकावे लागणार नाही.

रोपवाटिकेत कुंपणासाठी बहुधा पिवळ्या पानांचा ड्युरांटा पुढे करतात. तो कृपया घेऊ नये. तो मूळचा अमेरिकेतला असून त्याची नारिंगी फळे मुलांना आणि गुरांना विषारी असतात. वईत शिरलेली घाणेरीसुद्धा पावसात माती ओली असताना मुळासकट उपटावी. तिची काळी फळे पाखरे खातात हे खरे, पण त्याच वाटेने ती रानभर पसरते आणि आपल्याकडच्या झुडपांना जागा उरू देत नाही. कोपऱ्यातली तोरण मात्र मुळीच तोडू नये. तिची पांढरी फळे पाखरांनाही आवडतात आणि आपल्यालाही.

आता लावणीचे. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, त्यामुळे पिकलेल्या फळांतले बी धुऊन, एखादा दिवस सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत टोचावे. रोपे पहिल्या वर्षी फार सावकाश वाढतात. ती पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर, दोन ओळींत आणि एकमेकांच्या फटीत येतील अशी लावावीत. फळ धरायला साधारण तिसरे वर्ष उजाडते, एवढा धीर धरावा लागेल. छाटणी फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडाशीच करावी, कारण फुले फांद्यांच्या टोकांना येतात आणि थंडीत शेंडे छाटले तर त्या वर्षीचा बहर जातो.

आईसाठी हिरव्या करवंदांचे लोणचे आहेच. ती चिरण्याआधी हाताला तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. चिरून, बी काढून थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवली की उरलेला चीकही निघून जातो. लालसर, अर्धवट पिकलेल्या फळांत पेक्टिन भरपूर असल्यामुळे त्यांची जेली वेगळे काही न घालता घट्ट होते. आईने तो प्रयोग जरूर करून पाहावा. साखर बेताने घालावी, नाहीतर करवंदाचा आंबटपणा लपतो. काळी, पूर्ण पिकलेली मात्र झाडावरून काढून तशीच खावीत.

यंदा सड्यावरची करवंदे पिकली की बाबांनी मोठी, गोड फळे लागणारी एक-दोन झुडपे हेरून त्यांचेच बी धरावे. पिशव्या आणि शेणखत मी येताना घेऊन येईन, आणि जुनी वई मोडायला लावलेल्या गड्यालाही आपण रोपे मोठी होईपर्यंत थांबायला सांगू.

तुमची लेक