फळ्यावर आता काय लिहू?

प्रति,
सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार पाहणारे मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : ‘ड’ वर्ग वाचनालयाचा रखडलेला हप्ता, बंद पडलेले पेपर आणि त्यापायी आमच्या गावात गेल्या गुरुवारी जे घडलं ते.

महोदय,

सादर नमस्कार. चारशे उंबऱ्यांच्या गावातल्या एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यांत खालच्या वर्गाच्या, वाचनालयाची मी ग्रंथपाल आहे. यंदा एकवीस वर्षं झाली. याआधीची पत्रं मी रीतसर जावक क्रमांक टाकून पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. माझ्या आधीच्या गुरुजींनी तो लावला. रोज संध्याकाळी वाचनालय उघडलं की पेपरातल्या चार-पाच ठळक बातम्या खडूनं त्यावर लिहायच्या, ही त्यांची रीत मी पुढे चालवली. पाऊस कुठवर आला, उसाला पहिली उचल किती ठरली, भरतीची तारीख कोणती. शेतावरून येणारा माणूस सायकल टेकवून उभ्या उभ्या वाचतो आणि घरी जातो. गावात म्हणच पडून गेली आहे, ‘फळ्यावर आलंय म्हणजे खरं असणार.’

महोदय, गेले काही दिवस आमच्याकडे पेपर येत नाहीत. चार पेपर यायचे, महिन्याला साडेसहाशे रुपये. सात महिन्यांची बाकी थकली तेव्हा पेपरवाल्यानं हात जोडले. त्याला मी दोष देत नाही, त्यालाही पोट आहे. अनुदानाचा हप्ता आला नाही म्हणून बाकी थकली. हप्ता का आला नाही ते विचारायला मी दोनदा एसटीनं जिल्ह्याला जाऊन आले. पहिल्या खेपेला ‘वरून आलं नाही’ असं सांगितलं, दुसऱ्या खेपेला संबंधित टेबलावरचे साहेब रजेवर होते. अकरा दिवस मी फळ्यावर सुविचार लिहीत होते. सुविचार वाचायला कुणी सायकल टेकवत नाही.

बुधवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. किल्ली मी नववीतल्या एका पोराकडे दिली. गुणी पोरगा आहे, पुस्तकं लावायला मदत करतो, अक्षर मोत्यासारखं. त्यानं फळा रिकामा पाहिला आणि मोबाईलवर आलेली बातमी त्यावर सुंदर अक्षरात लिहून काढली : ‘सावधान! मुलं पळवणारी टोळी आपल्या तालुक्यात. चादरी विकण्याच्या बहाण्यानं येतात.’

गुरुवारी आमचा बाजार. परजिल्ह्यातले दोन चादरवाले मोटारसायकलवर गठ्ठे बांधून आले. त्यांची बोली हिंदी. शाळेच्या वाटेवर एका लहान मुलीला त्यांनी बाजार कुठे भरतो एवढंच विचारलं. मी पोचले तेव्हा पारापाशी शंभरेक माणसं जमली होती. एकाचा ओठ फुटला होता. दुसरा आधार कार्ड उंच धरून ‘देखो साहब, देखो’ म्हणत होता. कार्ड कुणी बघत नव्हतं. पोरांचे मोबाईल वर झाले होते, चित्रण चाललं होतं. पोलीस पाटलांनी त्या दोघांना ग्रामपंचायतीत ओढून आत घातलं आणि दाराला आतून कडी लावली, म्हणून ते वाचले. बाहेर लोक ओरडत होते, ‘फळ्यावर लिहिलंय की!’

माझ्या फळ्यावर, महोदय.

संध्याकाळी तो पोरगा माझ्यापुढे बसून हमसून हमसून रडला. म्हणाला, ‘काकू, पेपर येत न्हाई म्हणून मीच बातमी लिहिली. तुमीच म्हनता न्हवं, फळा रिकामा ठेवू न्हाई.’

२०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. भिक्षा मागायला आलेली माणसं. तीसुद्धा आठवडे बाजाराच्या दिवशी, आणि तीसुद्धा मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मोबाईलवरच्या अफवेवरून. आमचा हा पोरगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या पाच जणांबद्दल त्याला काहीच माहीत नाही. शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि मोबाईल मागचं काही सांगत नाही. गुरुवारपासून माझ्या डोळ्यांपुढून राईनपाडा हलत नाही. आमच्या ग्रामपंचायतीच्या दाराला आतून कडी नसती तर?

आता पैशांचं बोलते. शासनानं २०२२ मध्ये ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, त्याची मोठमोठी छायाचित्रं छापून आली. आमच्या वर्गाला त्यामुळे वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगाराला. म्हणजे महिन्याला दोन हजार, दिवसाचे ६६-६७ रुपये, आणि तेही हप्ता येईल तेव्हा. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, मासिकं, वीज, कपाटाची डागडुजी. २०१२ च्या पडताळणीनंतर दर्जावाढीचं दार कित्येक वर्षं बंद होतं, म्हणून आम्ही ‘ड’ चे ‘ड’ च राहिलो. राज्यात सगळ्या वर्गांची मिळून अनुदानावर चालणारी अकरा हजारांहून जास्त वाचनालयं आहेत. त्यांतली किती आज पेपरवाल्यांचं देणं लागतात, हे तुम्ही एकदा मोजून घ्या.

दोन वर्षांपूर्वी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या पटांगणात मोठा मंडप पडला होता. एका लोकप्रतिनिधींनी माईकवरून शब्द दिला की, या वाचनालयाला मुलांसाठी वेगळी खोली, दोन संगणक आणि दहा मासिकं सहा महिन्यांत मिळतील. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. घरी येऊन मासिकांची यादीसुद्धा केली. ‘किशोर’ सगळ्यांत वर लिहिलं होतं. १९७१ पासून सरकारच्याच पाठ्यपुस्तक मंडळाकडून निघणारं मासिक ते. ती यादी अजून माझ्या रजिस्टरात घडी घालून ठेवलेली आहे.

मुलं बिघडली असं तुमच्यातले सगळेच भाषणांतून सांगतात. वाचत नाहीत, सतत मोबाईलमध्ये असतात. अहो, पण त्यांच्यापुढे दुसरं ठेवलंय काय? खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’ चा २०२४ चा अहवाल बघा. खेड्यांतल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आमच्या गावात रोज संध्याकाळी मी ही टक्केवारी डोळ्यांनी बघते. भाईचा वाढदिवस तलवारीनं केक कापून कसा करायचा, हे सहावीतल्या पोराला माहीत आहे. ग्रामसभा म्हणजे काय, हे बारावीतल्याला माहीत नाही. पोरींना आपला सावळा रंग हा रोग वाटतो. एकीनं मला विचारलं, ‘काकू, फिल्टर न लावता फोटो टाकला तर लोक हसत्यात का?’ शेजारच्या वस्तीवरची माणसं कशी असतात, हे त्यांना मोबाईलनं शिकवलं आहे. ती वस्ती आमच्या वाचनालयापासून तीनशे पावलांवर आहे. तिथं यांच्यापैकी एकही पोर कधी जेवलेलं नाही. पण त्या माणसांबद्दल यांची मतं पक्की आहेत, आणि ती सगळ्यांची अगदी एकाच शब्दांत आहेत.

२०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात! तुम्ही इंटरनेट बंद केलंत आणि दोन दिवसांनी चालू केलंत. पोरांच्या डोक्यात त्याआधीच जे जाऊन बसलं होतं, त्याचं काय केलंत?

लिहावं की नाही म्हणून तीन दिवस थांबले होते, पण आता माझ्या घरातलंही लिहिते. माझा धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायचा, दुपारी वाचनालयात बसायचा. २०२४ मध्ये त्याला मोबाईलवरच्या रमीची चटक लागली. जाहिरातीत त्याच्या आवडीचा नट होता. तोच नट पडद्यावर गरिबांसाठी लढतो, म्हणून पोराचा त्याच्यावर विश्वास. ‘हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे’ असं पोरगा मलाच समजावून सांगायचा. या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, हे वाक्य जाहिरातीच्या शेवटी इतक्या घाईत म्हणतात की मी तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कुठे मला कळलं. आठ महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. त्यात उसाचं बिल गेलं, माझी बोरमाळ गेली. माझ्या आईनं लग्नात घातलेली बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडली ती अजून तिथंच आहे. दोन हजार रुपये पगारावर मी ती कधी सोडवायची? पोराचे वडील त्याच्याशी चार महिने बोलत नव्हते. एका रात्री तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. त्या रात्रीचं मला पुढं लिहवत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. चांगलं केलं, मी पेढा वाटला असता. पण त्याआधी कित्येक वर्षं हे खेळ उघड चालले, क्रिकेटच्या सामन्यांत, मराठी वाहिन्यांवर, चौकातल्या फलकांवर. त्या वर्षांत घरोघरी किती बोरमाळा गेल्या त्या कोण मोजणार? जाहिराती करणाऱ्यांपैकी कितीजणांना तुम्ही पुढे सांस्कृतिक कार्यक्रमांत व्यासपीठावर शाल घातलीत?

माझ्या लहानपणीही सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. पण १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा मी सातवीत होते. ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे आम्ही पोरं मांडी घालून बसायचो. शहराबाहेरच्या मुलांना मराठीत विज्ञान दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, म्हणून कुणीतरी बसून विचार केला होता, आणि त्याचे पैसे शासनानं दिले होते. समुद्र मी पहिल्यांदा त्या टीव्हीवर पाहिला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर पुणे केंद्राच्या बातम्या लागायच्या, वडील दाढी करता करता आम्हाला गप्प करायचे. जग घरात यायचं ते कुणीतरी पडताळून पाहिलेलं असायचं. त्यातही चुका असतील, सरकारची बाजू जास्त असेल. पण मला काहीतरी विकायला किंवा मला चिडवायला ते येत नव्हतं.

ती बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. केंद्राचं अनुदान थांबलं, राज्यानं भार उचलला नाही, आणि इतकी वर्षं मुलांसाठी मराठीत चित्रफिती करणारं घर मिटलं. ज्या काळात पोराच्या हातात चोवीस तास पडदा आला, नेमक्या त्याच काळात त्या पडद्यावर मराठी मुलांसाठी काहीतरी करणारी आपली संस्था आपण मोडली. रिकामी जागा रिकामी राहत नाही, हे मला त्या फळ्यानं परवा दाखवलं. तुम्हाला ते २०१७ ला कसं दिसलं नाही?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. मी त्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूनं ती बातमी लिहिली आणि माझे डोळे भरून आले. अजूनही त्याचा आनंद आहे. पण त्या अभिजात भाषेतला ताजा पेपर आज माझ्या गावात वाचायला मिळत नाही.

सगळं तुमच्यावर ढकलून मी मोकळी होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायची रीत पाडली. आमच्या ग्रामसभेत मीही तो ठराव मांडला. एका सदस्यानं उठून विचारलं, ‘बंद करून पोरं करणार काय? वाचनालयात वाचायला काय हाय?’ मला उत्तर देता आलं नाही. खाली बसले.

मागणं फार नाही. हप्ते वेळेवर द्या. पेपर आणि मासिकांचे पैसे पगारापासून वेगळे काढा आणि वर्षाच्या सुरुवातीला द्या. आलेली बातमी खरी की खोटी ती कशी तपासायची, याचा आठवड्यातून एक तास शाळेत ठेवायला शिक्षण खात्याच्या मंत्र्यांना सांगा. ते तुमच्याच शेजारी बसतात. बालचित्रवाणीच्या जुन्या फिती कुठल्या कपाटात असतील त्या काढून मुलांसाठी मोफत खुल्या करा. खोली आणि संगणकांचं माझं मी काढून टाकलं आहे, ते मागत नाही.

ते दोन चादरवाले रात्री पोलिसांच्या गाडीतून गेले. गठ्ठे इथंच राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी आणि पोलीस पाटलांनी ते एसटीच्या टपावर चढवून पाठवून दिले. एक चादर फाटली होती, तिचे पैसे त्या नववीतल्या पोराच्या वडिलांनी दिले. पोरगा तेव्हापासून वाचनालयात आलेला नाही. मी घरी जाऊन आले, तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

फळा मी ओल्या फडक्यानं पुसला आहे. रोज उघडल्यावर तारीख तेवढी लिहिते. लोक येतात, सायकल थांबवतात, तारीख बघतात आणि जातात. पेपरवाल्याची बाकी ४,५५० रुपये आहे.

आपली नम्र,
ग्रंथपाल, एक ‘ड’ वर्ग वाचनालय