अर्धे ठोकळे तुझे आहेत

सोलापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

आईचा गुडघा तसाच, बाबांची शुगर ताब्यात, मी ठणठणीत. झाल्या तब्येती. आता मुद्द्याचं ऐक, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत फोन लावू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून तर कागद घेतला.

आपल्या शाळेला आपली लेगोच्या ठोकळ्यांची रॉकेटं हवी आहेत.

झालं असं की माजी विद्यार्थ्यांची वर्गणी मागायला नव्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या होत्या. आईने चहा ठेवला, बाई उठून शोकेसपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. इस्रोची एसएलव्ही-३, पीएसएलव्ही, एलव्हीएम३, आणि मागे तू वहिनींना न सांगता घेऊन दिलेला सॅटर्न, अमेरिकेचं चांद्ररॉकेट. मला वाटलं, सगळे विचारतात तसं "या वयात?" विचारतील. त्यांनी विचारलं, "हे सगळे एकाच मापात आहेत का?" बाळ्या, आजवर घरात आलेल्या एका माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. मी इतका खूश झालो की चहा निवून गेला.

तर प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात काचेचं कपाट करायचंय, त्यात आपली तिन्ही भारतीय रॉकेटं कायमची ठेवायची, खाली पाटी, पाटीवर आपल्या दोघांची नावं. (हो, दोघांची. मीच सांगितलं.) अट एकच. "मुलं हात लावतील, तुकडे पळवतील. फेव्हिक्विकने पक्कं करून द्या."

त्या दिवसापासून झोप नाही बे. कारखान्यात लूम दुरुस्त करतानाही डोक्यात तेच. बायको म्हणते, चिकटवा आणि मोकळे व्हा. पोरगं म्हणतं, पप्पा, नाही म्हणून टाका. दोघांनाही त्यातली गोम कळत नाही. ती तुलाच कळेल, कारण गाभ्यात काय आहे ते तुला माहीत आहे.

एलव्हीएम३ चा मधला टप्पा खरा चार मीटर जाडीचा. आपल्या १:११० मापाने, म्हणजे खऱ्याच्या एकशेदहाव्या भागाने, ३६ मिलिमीटर. ठोकळ्यांवरची बटणं आठ-आठ मिलिमीटरवर, म्हणजे साडेचार बटणं. तू म्हणाला होतास, "चार कर, कोण मोजतंय?" तेव्हा आपण पंधरा दिवस बोललो नव्हतो आणि मी अजूनही माझ्या जागी ठाम आहे. मोजणारा एक जरी असला तरी मोजूनच करायचं. शेवटी ठोकळे आडवे केले तेव्हा जमलं. मध्ये दोन बटणांचा चौकोनी गाभा, १६ मिलिमीटरचा. त्यात बाजूला बटण असलेले ठोकळे एकाआड एक थरात, आणि त्यांवर चारी अंगांनी तीन-तीन चपट्या पट्ट्या. एक पट्टी ३.२ मिलिमीटर. बेरीज ३५.२. मिलिमीटरभर कमी, बस्स. बाजूच्या दोन्ही एस२०० बूस्टरना, म्हणजे जोडरॉकेटांना, तीनऐवजी दोन पट्ट्या लावल्या तर २८.८ झाले, हवे होते २९.१. त्या रात्री मी तुला अकरा वाजता उठवलं होतं आणि तू शिव्या दिल्या होत्यास.

पण त्या एकाआड एक थरांमधले साधे पांढरे ठोकळे तुझ्या काकांनी मस्कतहून आणलेल्या डब्यातले आहेत. पिवळे पडलेत, म्हणून आत. बाहेर नवे पांढरे. लेगोचं माप १९५८ पासून तेच, म्हणून आपल्या लहानपणचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात खट्टकन बसतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्याच्या कमरेवर सगळा तोल असतो, तसा ह्या रॉकेटचा सगळा भार त्या पिवळ्या ठोकळ्यांवर आहे. तू इंजिनिअरिंगला पुण्याला गेलास तेव्हा डबा माझ्याकडे ठेवलास आणि रिक्षातून ओरडलास, "अर्धे माझे आहेत!" मी ते मानतो. फेव्हिक्विक लागला की ते पुन्हा कधी बाहेर निघणार नाहीत. मग तुला न विचारता मी हो कसं म्हणू?

आणि नुसती भावनेची गोष्ट नाही. एलव्हीएम३ अजून पुरतं व्हायचंय. गगनयान माणसं घेऊन जाईल तेव्हा टोकावर हे फुगीर आवरण नसेल, तिथे अंतराळवीरांचं यान आणि त्यांना ओढून बाजूला नेणारा मनोरा असेल. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याची चाचणी आपण दोघांनी फोन कानाला लावून बघितली होती. पुढे हा मधला एल११० टप्पाही बदलून रॉकेलवर चालणारा सेमिक्रायोजेनिक टप्पा बसवायचा इस्रोचा बेत आहे. म्हणजे आपल्यालाही वरून आणि मधून उघडायला लागणार. आवरणाच्या आत तो दोन बटणांचा विक्रम लँडर आहे, चार पायांवर उभा. आवरण चिकटवलं तर आत काय आहे हे फक्त तुला नि मला ठाऊक राहणार. मुलांना काय मिळालं मग?

इस्रोने तरी काय केलं? एसएलव्ही-३ १० ऑगस्ट १९७९ ला बंगालच्या उपसागरात गेलं, १८ जुलै १९८० ला त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. आठवतं ना, डबल बॅटरी सरांनी वर्गात पेपर वाचून दाखवला आणि तू बाकावर डोकं ठेवून बसला होतास. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जमलं. चांद्रयान-२ चा विक्रम आदळला तेव्हा त्याला पाच इंजिनं होती, चांद्रयान-३ ला मधलं काढून चार ठेवली, पाय मजबूत केले. उघडलं, बदललं, पुन्हा जोडलं. हीच तर मुलांना दाखवायची गोष्ट, आणि नेमकी तीच आपण फेव्हिक्विकने बंद करायची?

आता बाईंची बाजूही मांडतो, नाहीतर तू म्हणशील एकतर्फी बोलतोय. आमच्या घरी हे कोण बघतं? धूळ, आणि एप्रिलमधलं हे ऊन. खिडकीला जाड चादर लावली तरी बाहेरच्या पांढऱ्या ठोकळ्यांवर पिवळी झाक चढायला लागलीय. शाळेत रोज शेकडो पोरं समोरून जातील. सॅटर्नचंच बघ ना. न उडालेले खरे सॅटर्न आज अमेरिकेत तीन ठिकाणी आडवे मांडलेत. ह्यूस्टनचा तर वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खात पडला होता, मग त्याच्यावर छप्पर घालून तो दुरुस्त केला. पण लोक बघायला जातात, आणि त्यातलं एखादं पोर पुढे इंजिन बनवतं. आपलं रॉकेट बघून व्हरांड्यात एक पोरगी जरी थांबली, तरी मला ते शोकेसपेक्षा मोलाचं आहे. म्हणून नकोही म्हणवत नाही.

हो, आणि मांडणीवरून आत्ताच सांगून ठेवतो. जमिनीवर उभ्या एलव्हीएम३ च्या मधल्या टप्प्याखाली केशरी ज्वाळा लावायच्या नाहीत म्हणजे नाहीत. उडताना फक्त दोन एस२०० पेटतात. मधली दोन विकास इंजिनं आकाशात, जवळजवळ दोन मिनिटांनी सुरू होतात. "पोरांना आवडेल" हे तुझं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. ज्वाळा लावायच्याच तर बूस्टरखाली. आणि आपली रॉकेटं मोठ्या मापात करून सॅटर्नच्या बरोबरीला आणायची तुझी कल्पनाही विसर. सॅटर्न ११० मीटरचा, एलव्हीएम३ साडेत्रेचाळीस. एकाच मापात सॅटर्न मीटरभर, आपलं चाळीस सेंटिमीटर. तसंच दिसू दे. वीतभर एसएलव्ही-३ पासून सुरू झालेली रांग बघितली की छाती भरून येते, त्याला उंची चोरायची गरज नाही.

तर माझं म्हणणं असं. बाईंना सांगायचं, कपाटाला कुलूप करा, रॉकेटं सुटीच राहतील, आणि शनिवारी सकाळच्या शाळेला मी येऊन पोरांसमोर एकेक टप्पा उघडून दाखवीन. त्या कबूल झाल्या तर प्रश्न मिटला. नाही झाल्या, तर सगळ्या नव्या ठोकळ्यांचं दुसरं एलव्हीएम३ बांधायचं आणि ते खुशाल चिकटवायचं, फक्त आवरण उघडतं ठेवून. खर्च होईल. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, तेव्हापासून बाहेरून सुटे ठोकळे मागवताना हात आखडतो. अर्धे पैसे तू द्यायचे. रिक्षातून ओरडला होतास ना, मग हिशेबही अर्धा.

छोटीची बारावी कशी गेली? तिला फिजिक्सला जायचंय असं वहिनी म्हणत होत्या, जाऊ दे तिला. तुझी बदली टळली हे बरं झालं. नवीन फ्लॅटचं कळव.

बाईंना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जमलं तर त्याआधी हुतात्मा एक्स्प्रेसला बस, रात्री स्टेशनवर घ्यायला येतो. नाहीच जमलं तर दोन ओळी पाठव: कुलूप की दुसरं रॉकेट. येताना तुझ्या कपाटातले ते गडद राखाडी शंकू आण, विकासच्या नळ्यांना दोन कमी पडतायत. आमच्याकडे चार दिवसांआड पाणी येतंय, तेव्हा आंघोळ पुण्यातच करून नीघ. आईने तुझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवलीय.

तुझाच,
दत्त्या