पुश करायचं तर डेव्हलपर कोणता?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

नाटकाच्या तालमी इल्फर्डच्या एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मवर, कॅमेरा १६०० ला लावून काढायच्या आहेत आणि त्यासाठी डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, कोणतं घेऊ, असं तू विचारलंस. नुसतं उत्तर हवं असेल तर ते असं: इल्फर्डचा मायक्रोफेन घे, मूळ द्रावण पातळ न करता वापर, २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटं. पण एवढंच लिहून थांबवत नाही. उद्या तुझ्या हातात दुसरी फिल्म असेल, मायक्रोफेन मिळणार नाही, आणि तेव्हा कुणाला न विचारता तुला ठरवता यायला हवं.

आधी पुश, म्हणजे कमी प्रकाश मिळालेली फिल्म जास्त वेळ धुऊन भरपाई करणं, ते पक्कं समजून घे, कारण डेव्हलपरची निवड सगळी त्यावरच उभी आहे. ४०० ची फिल्म १६०० ला लावलीस की तिला दोन स्टॉप कमी, म्हणजे हवा त्याच्या चौथा हिस्सा प्रकाश मिळतो. फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराचा एक कण धुताना काळा व्हायचा असेल, तर प्रकाशाने त्यावर चांदीच्या साधारण चार अणूंचा पुंजका तयार केलेला असावा लागतो. तेवढा झाला नसेल, तर डेव्हलपरच्या लेखी त्या कणावर प्रकाश पडलेलाच नाही. चेहऱ्यावर, पांढऱ्या सदऱ्यावर असे पुंजके भरपूर असतात. तिथे वेळ वाढवली की निगेटिव्हवर काळेपणा चढत जातो (निगेटिव्हवर काळं ते फोटोत उजळ). पण विंगेतल्या अंधारात, काळ्या शालीच्या चुण्यांत पुंजके झालेलेच नसतात. तिथे अकरा मिनिटं ठेव नाहीतर तीस, उगवून काही येणार नाही. म्हणून पुश केल्याने फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची तिची क्षमता, वाढत नाही, कॉन्ट्रास्ट वाढतो. मधले आणि उजळ भाग वर उचलले जातात, सावल्या होत्या तिथेच राहतात.

फिल्मचा खरा आयएसओ, म्हणजे वेगाचा आकडा, मोजतात तोही सावलीतच. पारदर्शक पट्टी आणि तिचा मूळचा फॉग (प्रकाश न पडताही धुताना येणारा काळसरपणा) यांच्या वर ०.१ इतकी घनता, म्हणजे काळेपणा, यायला किती प्रकाश लागला, त्यावरून तो आकडा निघतो. इल्फर्डच्या डेल्टा ३२०० चंच बघ. डब्यावर नाव ३२०० आहे, पण इल्फर्ड स्वतःच तिचा आयएसओ १००० सांगते. म्हणजे डब्यावरच्या आकड्याला लावून ती फिल्म काढणारा प्रत्येक जण आधीच पुश करत असतो. आपण कॅमेऱ्यावर लावतो तो आकडा ‘एक्स्पोजर इंडेक्स’, फिल्मचा आयएसओ नव्हे, हे डोक्यात ठेवलंस की डेव्हलपरच्या जाहिरातींतली निम्मी भाषा आपोआप गळून पडते.

मग डेव्हलपरने फरक पडतो तरी किती? सावलीत पडतो, पण थोडा. काठावरचे कण असतात ना, पुंजका जेमतेम झालेले, ते धरून आणणारे काही डेव्हलपर आहेत आणि ते सोडून देणारेही आहेत. जुन्या डेव्हलपरांत मेटॉल आणि हायड्रोक्विनोन यांची जोडी असते. फिल्म धुतली जात असताना तिच्यातून ब्रोमाइड सुटतं आणि ते काम आवरतं घेतं. मेटॉलला ते लवकर बाधतं. इल्फर्डच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये फेनिडोन पुढे आलं, त्याला ब्रोमाइड इतकं अडवत नाही. हायड्रोक्विनोनच्या जोडीला ते घातलं की काठावरचे कणही काळे होतात. मायक्रोफेन याच जोडीवर बनलेला आहे. यातून मिळणारा फायदा अर्धा स्टॉप धर, त्याहून जास्त नाही. पण दोन स्टॉप उपाशी ठेवलेल्या फिल्मला हा अर्धा स्टॉप फार मोठा असतो. नटीच्या केसांत बटा दिसतात की नुसता काळा ठिपका, ते त्यावर ठरतं.

मायक्रोफेनची पावडर विरघळवत बसायचं नसेल, तर इल्फर्डचाच डीडी-एक्स द्रवरूपात मिळतो. एकास चार पाणी घालायचं, १६०० साठी १३ मिनिटं, ३२०० साठी २०. एकदा वापरून ओतून द्यायचा असल्यामुळे तो अंगावर येतो खर्चाला, पण दर वेळी ताजं द्रावण मिळतं आणि निकाल तसाच्या तसा येतो. महिन्यातून एखादा रोल धुणाऱ्याने तोच घ्यावा असं मला वाटतं. तालमीच्या मोसमात तुझे रोल भराभर निघतील, म्हणून तुला मायक्रोफेन सांगितला.

कोडॅकचा एक्सटॉल १९९६ मध्ये आला. त्यात हायड्रोक्विनोनऐवजी क जीवनसत्त्वाच्या घराण्यातला घटक आहे आणि सोबत फेनिडोनचाच एक भाऊबंद. ग्रेन (फोटोत दिसणारे चांदीचे कण) बारीक, सावल्या चांगल्या, पुशलाही उत्तम. तो मिळत असेल तर माझी अजिबात हरकत नाही. फक्त एक गोष्ट जपायची: कोडॅकचाच जुना डेव्हलपर डी-७६ खराब होऊ लागला की तपकिरी होत जातो, आपल्याला कळतं, एक्सटॉल मेला तरी पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. म्हणून रोल टँकमध्ये भरण्याआधी फिल्मच्या सुरुवातीचा उजेडात आलेला तुकडा कापून डेव्हलपरमध्ये टाकून बघायचा. काही मिनिटांत गडद काळा झाला नाही, तर बाटली ओतून द्यायची. ही सवय सगळ्याच डेव्हलपरांसाठी लाव. तालीम पुन्हा होईल, तो क्षण होणार नाही.

डी-७६ बद्दल तुझ्या मित्राने नाक मुरडलं म्हणालीस. ते मला पटत नाही. १९२०च्या दशकात चित्रपटाच्या फिल्मसाठी कोडॅकने बसवलेलं ते सूत्र आजही चालतं: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. इल्फर्डचा आयडी-११ म्हणजे व्यवहारात तोच. एचपी५ प्लस त्यात ८०० ला साडेदहा मिनिटं आणि १६०० ला १४ मिनिटं धुता येते. ८०० पर्यंत तो आणि मायक्रोफेन यांत डोळ्याला दिसेल असा फरक फारच थोडा. १६०० ला मात्र सावलीत तो मागे पडतो. कोडॅकच्या एचसी-११० या डेव्हलपरचंही साधारण असंच आहे. सावल्या वाचवणारा तोही नव्हे.

आता ज्यांच्या वाटेला जाऊ नये ते. इल्फर्डच्याच परसेप्टॉल या डेव्हलपरचा ग्रेन फार सुरेख, म्हणून पुश केलेल्या फिल्मचा जाडाभरडा ग्रेन तो सावरेल असं कुणीतरी तुला सांगेल. परसेप्टॉल वेग खातो. आधीच उपाशी फिल्मच्या ताटातला घास काढून घेण्यासारखं आहे ते. आणि रॉडिनाल. १८९१ पासूनचा हा डेव्हलपर मला स्वतःला फार आवडतो, पण भर उजेडात काढलेल्या १०० च्या फिल्मवर. त्याच्या पातळ द्रावणात सल्फाइट नावापुरतंच उरतं, त्यामुळे कणांच्या कडा जराही विरघळत नाहीत आणि ग्रेन रोखठोक दिसतो. सावलीचा वेगही त्यात घटतो. शंभर पट पातळ करून तासभर टँक न हलवता ठेवायची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने उजळ भाग आवरले जातात हे खरं, कारण तिथला डेव्हलपर थकून जातो. पण न हलवलेल्या टँकमध्ये ब्रोमाइड खाली ओघळतं आणि फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या बाजूने पट्टे उमटतात. नटाच्या कपाळावर असा पट्टा आला की तो फोटो गेला. ज्या कामात दुसरी संधी नाही तिथे ही पद्धत वापरू नकोस.

आता डेव्हलपरइतकीच, खरं तर त्याहून जास्त महत्त्वाची गोष्ट: प्रकाश कसा आहे. तालमीच्या खोलीत ट्यूबलाइट असतील तर प्रकाश सपाट असतो, सगळीकडे सारखा. तिथे पुशने वाढलेला कॉन्ट्रास्ट हवाच असतो, फोटोला जीव येतो. रंगमंचावर एकाच दिव्याच्या झोतात नट उभा असेल, तर दृश्यातच कॉन्ट्रास्ट इतका असतो की वर पुशचा चढला म्हणजे चेहरा खडूसारखा पांढरा होऊन बसतो. तिथे मायक्रोफेन एकास एक पातळ कर, त्याचा वेळ इल्फर्डच्या तक्त्यात वेगळा दिलेला असतो, आणि हलवणं नेमकं ठेव: पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत पुन्हा चार वेळा. घाई झाली म्हणून जास्त हलवलंस, तर उजळ भाग आणखी चढतील, सावलीला त्याचा काही उपयोग नाही.

मीटर चेहऱ्यावर धर. मागच्या काळ्या पडद्यावर धरलंस तर तो तुला जास्त प्रकाश द्यायला सांगेल, शटर मंद होईल, हातवारे पुसट येतील आणि चेहरे भाजून निघतील. आणि १६०० लावण्याआधी लेन्स पूर्ण उघडून बघ. ८०० ला भागत असेल तर ८०० लाच काढ. कोडॅकच्या ट्राय-एक्स या ४०० च्या फिल्मसाठी कोडॅकच सांगते की ८०० ला लावली तरी नेहमीचाच वेळ द्या, वाढवू नका; फिल्मच्या अंगात तेवढी सवड असते. ३२०० फक्त तेव्हा, जेव्हा नाहीतर फोटोच मिळणार नाही.

कामाला सुरुवात करण्याआधी एक रोल चाचणीसाठी काढ. एकाच नटाला, एकाच दिव्यात ८००, १६०० आणि ३२०० ला लावून काही फ्रेम घे आणि पूर्ण रोल १६०० च्या वेळेला धू. वाळल्यावर निगेटिव्ह उजेडाकडे धरून आधी फक्त पारदर्शक भाग, म्हणजे सावल्या, बघ. १६०० च्या फ्रेममध्ये कपड्याच्या चुण्या कोऱ्या दिसल्या, तर उत्तर धुण्याच्या वेळेत नाही. पुढच्या वेळी १२५० किंवा १००० ला लाव. मग सर्वांत काळा भाग छापील कागदावर ठेव. त्यातून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचताच येत नसतील तर वेळ दहा ते पंधरा टक्के कमी कर. सावल्या कॅमेऱ्यात दुरुस्त होतात, उजळ भाग टँकमध्ये. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की माणूस महिनोन्‌महिने डेव्हलपर बदलत राहतो. तू एकच धर, आणि निदान हे नाटक पूर्ण होईपर्यंत सोडू नकोस.

रोलच्या डबीवर १६०० हा आकडा काढल्या काढल्या लिही. पूर्ण रोल एकाच वेळेने धुतला जातो, मध्येच ४०० ला परत आलीस तर त्या फ्रेम जाड आणि काळ्याकुट्ट होतील. तापमान २० अंशांवर ठेव. उन्हाळ्यात पाणी गरमच असेल तर तक्ता बघून वेळ कमी कर, पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नकोस, धुणं डागाळतं.

आणि हातमोजे. हे मी आई म्हणून सांगते आहे आणि डार्करूममध्ये उभी राहिलेली बाई म्हणूनही. मेटॉलने कातडीला ॲलर्जी येते, आणि एकदा आली की ती जात नाही. मायक्रोफेनमध्ये मेटॉल नाही, पण हायड्रोक्विनोन आहे. पावडर विरघळवताना तोंडावर मास्क लाव, खिडकी उघडी ठेव, आणि मोजमापाची भांडी स्वयंपाकघरात कधीच परत नेऊ नकोस.

चाचणीचा रोल वाळला की मूळ निगेटिव्ह मला पाठव, स्कॅन नको. स्कॅनर कॉन्ट्रास्ट आपल्या मनाने सावरून घेतो आणि मग डेव्हलपरने काय केलं, ते मला सांगता येणार नाही. सोबत वेळ, तापमान आणि द्रावण किती रोलांना वापरलेलं होतं, ते एका चिठ्ठीवर लिहून घाल.

तुझी,
आई