मुंबईतील मुक्काम: केवळ भाडे पाहू नये

महोदय,

सुट्टीत मुलाबाळांसह मुंबई पाहायला येणारी कुटुंबे भाडे वाचवण्यासाठी अनेकदा दूरच्या उपनगरात उतरतात. हा हिशेब मला अपुरा वाटतो. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह आणि घारापुरीच्या लाँचचा धक्का ही सारी ठिकाणे फोर्ट-कुलाबा परिसरात किंवा त्याच्या जवळ असल्याने, तेथे मुक्काम केल्यास दुपारी लहान मुलांना आणि आजी-आजोबांना खोलीवर आणून विश्रांती देता येते आणि लोकलच्या गर्दीतला प्रवास टळतो. टॅक्सीचा खर्च आणि वाया जाणारे तास भाड्यात मिळवले, तर मध्यवर्ती हॉटेल पुष्कळदा महाग ठरत नाही.

मात्र या भागातील कित्येक लॉज जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असल्यामुळे लिफ्ट आहे का, हे फोन करून आधी विचारलेच पाहिजे. ज्येष्ठांसाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खोलीला खिडकी आहे का, जादा गादीचे किती पैसे पडतील आणि पहाटेच्या गाडीने आल्यास खोली केव्हा मिळेल, हेही विचारावे.

दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलातील कराचा आकडा ग्राहकांनी तपासावा. हॉटेलचालकांनीही कर आणि जादा गादीसह एकूण दर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक